तुझ्या हातानं नको म्हणे!

आज मनीषनगरला डोहाळजेवण होतं. माझ्या भावजयीनं ओटीचं ताट उचललं तर एक काकू हळूच म्हणाल्या, "तू राहू दे जी, दुसरं कोणी भरते." मागच्या वर्षी हिचं बाळ पोटातच गेलं, एवढाच गुन्हा. ही हसली, ताट ठेवलं आणि मठ्ठ्याचे ग्लास भरायला लागली. आम्ही पंधरा-वीस शिकल्या-सवरल्या बाया गप्प.

दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा 'ब्रिंक ऑफ लाइफ' या सगळ्यांना बसवून दाखवला पाहिजे. १९५८ चा स्वीडिश सिनेमा, जवळपास सगळा एका प्रसूती वॉर्डात घडतो. सेसिलियाचा गर्भ पडलाय आणि ती स्वतःलाच कोसतेय. यॉर्डिस बिनलग्नाची, तिला मूल नकोय. आणि स्टीना! धडधाकट, खुशीत, दिवस वर गेलेले. हिचं तर काही अडणारच नाही असं वाटतं, आणि नेमकं तिचंच बाळ जातं. का? सिनेमा कारण देत नाही. नसतं कधीकधी कारण!

आपल्याकडे मात्र भेटायला येणाऱ्या प्रत्येकीजवळ कारण तयार. भावजय दवाखान्यात सलाइन लावून पडलेली, आणि खाटेशी उभं राहून तिला विचारत होते, पपई खाल्ली होती का? ग्रहणात बाहेर निघाली होती का? डॉक्टरनं सांगून झालं होतं की हिची काही चूक नाही. पण डॉक्टरचं कोण ऐकते बाप्पा.

फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात त्या वर्षी या सिनेमासाठी अभिनेत्रीचं बक्षीस चौघींना मिळून दिलं होतं, तीन पेशंट आणि चौथी त्यांची नर्स. मला ते फार आवडलं. एकीलाही बाजूला बसवलं नाही.

हो, काकूंच्या मनात वाईट नव्हतं, मान्य. रीत आहे, पोटुशीच्या काळजीपोटीच बोलल्या. आणि आई सांगते, त्यांचंही पहिलं गेलं होतं. हे ऐकून जरा गार झाले मी. तेव्हा त्यांनाही कुणीतरी असंच ताट ठेवायला लावलं असेल. पण मग तर तुम्हाला कळायला हवं होतं ना काकू! तुम्हीच तिचा हात धरून ओटी भरायला लावायची होती.

यॉर्डिस शेवटी घाबरत घाबरत आईला फोन करते, आणि आई म्हणते घरी ये. तिथे मी रडले होते.

आत्ता भावजयीला फोन केला. "जाऊ द्या ना ताई," म्हणाली. नाही जाऊ देत. बारशाला पाळण्याची दोरी आधी तिच्या हातात, आणि हे मी काकूंना आजच कळवणार आहे.