चालू कंडिशन

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस आधी दात बघतो, मग खूर उचलतो, मग मालकाला म्हणतो, ‘पळवून दाखव.’ तोच माणूस सुरतेला कापड पट्ट्यांत कापून गुंडाळणारं जुनं मशीन घ्यायला गेला, की ताजा हिरवा रंग बघतो, चहा पितो आणि बयाणा देऊन येतो. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

दलाल बहुधा सुरतेतल्या उधन्याचा निघतो आणि आपल्या घरच्या अहिराणी बोलीत बोलतो, तिथेच आपण विरघळतो. ‘काही टेन्शन नही भो, चालू कंडिशन शे.’ चालू कंडिशन म्हणजे बटण दाबलं की रिकामं मशीन फिरतं. रिकामी तर पिठाची गिरणीही गोड चालते. आपण जे कापणार त्याच कापडाचा निदान शंभर मीटरचा रोल बरोबर न्यावा. दलालाकडचं कडक कॅनव्हास कुठल्याही मशीनवर शहाण्यासारखं वागतं, आपलं अस्तर वागत नाही.

खरी गंमत ताणाची. तीन इंची पुठ्ठ्याच्या नळीवर पंधरा इंचांचा रोल झाला, की त्रिज्या पाचपट होते. नळी फिरवणारा क्लच तेवढाच जोर लावत राहिला, तर ताण पाचव्या हिश्शावर येतो. आत दगड, बाहेर गोधडी. बाहेर जाताना ताण थोडा उतरावाच, पण इतका नाही. उलगडणाऱ्या बाजूला नेमकं उलटं: ब्रेक तसाच ठेवला तर रोल संपत येईल तसा ताण चढतो. कापड ओढलं जाऊन अरुंद होतं, तसंच कापलं जातं आणि सैल पडल्यावर पट्टी मापापेक्षा रुंद भरते. लांबी मात्र आखडते. रुंद पट्टीची तक्रार गिऱ्हाईक करत नाही. मीटर कमी भरले की सकाळी सातला फोन.

यावर खडूचा एक तुकडा पुरतो. रोल अर्धा झाला की मशीन थांबवायचं, रोलच्या कडेवर नळीपासून बाहेरपर्यंत सरळ रेघ मारायची आणि पुढे गुंडाळू द्यायचं. शेवटी रेघ सरळ दिसली तर ठीक. विळ्यासारखी वाकली तर आतले थर घसरताहेत. असा रोल उचलला की मधला भाग दुर्बिणीसारखा बाहेर येतो. दलाल विचारतो, ‘हाऊ काय खेळ शे भो?’ खेळू द्यावं त्याला प्रश्नाशी.

पाती रोलरवर दाबून कापणारी असतील, तर खालच्या रोलरवरून नख फिरवा. नख अडकलं तर चर पडलेत, नव्या पात्यांनी काही होणार नाही, रोलर ग्राइंड करावा लागेल. आणि पट्टीवर ठरावीक अंतराने दोष दिसला, तर ते अंतर 3.14ने भागा. दर 31.4 सेंटीमीटरला धागा लोंबत असेल, तर गुन्हेगाराचा व्यास 10 सेंटीमीटर. त्या मापाचं पातं शोधा, खाच सापडेल. पोलिसांनाही इतकी सोपी खूण मिळत नाही.

हवेने फुगून नळी घट्ट धरणाऱ्या दांड्यात, म्हणजे एअर शाफ्टमध्ये, हवा भरून चहाला जा; परत आल्यावर नळी हाताने फिरली तर शाफ्ट गळतो. स्क्रीन चिनीत असेल तर हसू नका, पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचा, पासवर्ड आधी मागा. मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हच्या सगळ्या सेटिंगचे फोटो तिथेच काढा. मोटारी साधारणपणे 40 अंशांची हवा धरून बनवतात. भुसावळच्या मे महिन्याची ही बातमी मोटार बनवणाऱ्याला कुणी दिलेली नाही, आणि वर आपलं पत्र्याचं शेड.

सोडवताना प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधा. ‘लक्षात राहील’ म्हणणाऱ्या वायरमनच्या लक्षात वाटेतला कोंडाईबारीचा घाट ओलांडेपर्यंत काहीच उरत नाही. शाफ्ट काढून वेगळे, गोणपाटात गुंडाळून आणावेत. मशीनवर तसाच ठेवून आणलेला शाफ्ट वाकला, तर भरलेला रोल उड्या मारतो.

एवढं सगळं करून गाडी दारात उभी राहते, क्रेनवाल्याचं तासाचं मीटर सुरू होतं आणि कुणीतरी पहिल्यांदाच शेडच्या दाराला टेप लावतो. मशीन सव्वानऊ फूट, दार नऊ.

‘भो, शटर काढनं पडी.’