अ‍ॅड्रियानाला नक्की मारलं कोणी?

विषय काढला वकिलाने. खरा वकील नाही तो, पण वाद घालतो म्हणून कट्ट्यावर तेच नाव पडलंय. 'द सोप्रानोज' ही माफियावरची मालिका आत्ता कुठे बघतोय बिचारा, २००४ चा पाचवा सीझन, बारावा एपिसोड 'लाँग टर्म पार्किंग', काल रात्री संपवला आणि आज टेकल्या टेकल्या सुरू, की अ‍ॅड्रियानाला (गँगमधल्या ख्रिस्तोफरची होणारी बायको) म्हणे एफबीआयने मारलं.

झालं. बसा आता.

त्याचं म्हणणं, पोरीला मैत्रीण म्हणून चिकटली तीच एफबीआयची एजंट, मग केसची भीती घालून खबरी केलं, टेन्शनने पोटाचं दुखणं मागे लागलं, क्लबात खून झाला त्यात अजून अडकली आणि शेवटी ती म्हणते ख्रिस्तोफरला साक्षीदार व्हायला मी पटवते, तर यांनी तिला त्या माणसाकडे एकटी जाऊ दिली. "जाऊच कशी दिली?" हे तीनदा विचारलं, जसं काय आम्हीच पाठवली.

"गोळी गँगमधल्या सिल्व्हियोने घातली, विषय संपला," दाढी, कट्ट्यावरचा दुसरा. ह्याला दोन वाक्यांच्या वर बोलायचा कंटाळा येतो.

मी म्हटलं थांबा, खून जंगलात झालाच नाही, पेट्रोल पंपावर झाला. वकिलाला तो सीन आठवेचना! अरे ती सगळं कबूल करते, ख्रिस्तोफर आधी तिचा गळा आवळतो, मग दोघं रडतात, साक्षीदार होऊन नवीन नावाने कुठेतरी लांब राहू असं जवळपास ठरतं. मग हा सिगरेट आणायला बाहेर पडतो. पंपावर त्याची महागडी हमर उभी आणि समोर एक खटारा गाडी, मागे केस वाढवलेला बाप, बायको, पोरं. एक डायलॉग नाही. हा नुसता बघतो. तिथेच हिशोब झाला ना, की हिच्याबरोबर गेलो तर माझी गाडी ती. गँगच्या बॉसशी, टोनीशी इमान वगैरे नंतर, आधी हमर.

"पण तो खरंच रडला होता रे," वकील.

"टोनीसमोर पण रडतो. पुढच्या सीझनला दाखवलंय, 'द राइड'मध्ये," दाढी म्हणाला आणि वकील उखडला कारण त्याने ते अजून बघितलेलं नाही. स्पॉयलर दिल्याबद्दल पाच मिनिटं शिव्या. पण मुद्दा बरोबर आहे, रडत रडतच टोनीच्या हाती दिली तिला, रडणाऱ्याला काय आपण लगेच सोडून द्यायचं?

मला मात्र त्या एपिसोडमधे सगळ्यात जास्त लागतं ते गाडीचं. टोनीचा फोन येतो, ख्रिस्तोफरने जीव द्यायचा प्रयत्न केला, सिल्व्हियो तुला न्यायला येतोय. पुढच्या शॉटला ती एकटी गाडी चालवतेय, बॅग शेजारी, आपण म्हणतो सुटली बाई! आणि कट, तर ती सिल्व्हियोच्या बाजूच्या सीटवर. एवढंच. मग गाडी झाडीत वळते, तिला कळतं, वाळलेल्या पानांतून रांगत ती फ्रेमच्या बाहेर, मागून सिल्व्हियो, आणि फक्त आवाज. मरताना दाखवलीच नाही. वकिलाच्या मते ही चिटिंग, दाखवायला हवं होतं. दाढी म्हणे दाखवलं असतं तर आज तू इथे बोलत नसतास. ड्रेआ डी मॅटिओ आणि मायकेल इम्पिरिओली दोघांना (अ‍ॅड्रियाना आणि ख्रिस्तोफर) त्या वर्षी टीव्हीचं एमी अवॉर्ड मिळालं, उगाच नाही.

नंतर शेवटच्या सीनवरून पेटलं. टोनी आणि त्याची बायको कार्मेला जमीन बघायला येतात, परत तशीच झाडी. वकिलाला तो सीन फालतू वाटला, म्हणे आधीच संपवायला हवा होता. अरे बाबा, कार्मेला नवऱ्याला परत घरात घेतेय आणि त्यात ६ लाख डॉलरची जमीन पण ठरलीय, ती तिथे शांत बसलीय, ते तू फालतू म्हणतोस?

वकील थोडा वेळ गप्प.

"बरं, मग ती पार्किंगमधली गाडी?"

"ख्रिस्तोफरने एअरपोर्टवर नेऊन लावली ना. बॅग वाटेत फेकून."

"ते बघितलं मी. नंतर कोणी न्यायला आलं का?"

दाढीने तोंड उघडलं, वकिलाने कान झाकले.