पऱ्हाटी कुजवायची तर अशी

‘पऱ्हाटी (कापूस वेचल्यावर उरलेली झाडं) जाळू नका, शेतातच कुजवा’ हे एका लेखातलं म्हणणं अगदी बरोबर, पण कशी ते सांगायला हवं होतं. अख्खी गाडली तर पुढच्या हंगामात वखराला अडकते. श्रेडरने (तुकडे करणाऱ्या यंत्राने) दीड-दोन इंचाचे तुकडे करा, तेही ओलसर असतानाच. त्याआधी किडकी, अर्धवट उमललेली बोंडं वेचून नष्ट करा. गुलाबी बोंडअळी त्यातच सुप्त राहते. सरपण म्हणून धुऱ्यावर (बांधावर) रचलेली पऱ्हाटी म्हणूनच घातक.

मग तुकड्यांचा ढीग रचा. टनाला 100 किलो शेण, 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणारं जिवाणू कल्चर पाण्यात कालवून थराथराने शिंपडा. युरिया वगळू नका. पऱ्हाटीत कर्ब फार, नत्र कमी. अर्धकच्चं खत टाकलं तर जिवाणू जमिनीतलं नत्र ओढून घेतात अन् कोवळं पीक पिवळं पडतं. ओल मुठीत दाबून पाहा: हात ओला व्हावा, पाणी गळू नये. आपल्याकडे चुकतं ते इथंच. एप्रिलच्या उन्हात ढीग सुकतो आणि कुजणं थांबतं. सावलीत लावा, वरून तुराट्या-पालापाचोळ्याने झाका, महिन्याने पलटी द्या. विहीर आटत असेल तर ढिगाच्या फंदात पडूच नका. तुकडे वावरात पसरा, पावसाळ्यात हळूहळू कुजतील.