हवा कुठून शिरते?

माझ्याकडे २००३ सालची एक डिझेल जीप आहे. पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यावर आरटीओने पर्यावरण कर भरून घेऊन तिला पाच-पाच वर्षांची मुदतवाढ दोनदा दिली आहे आणि या सगळ्या काळात तिने डिझेल, ऑइल व अधूनमधून एखादी शिवी यांखेरीज माझ्याकडे काहीही मागितलेले नाही. अशा सुस्वभावी गाडीचा डिझेल फिल्टर बिनतक्रार काम करीत असताना त्याहून भारी फिल्टर बसवण्याची बुद्धी मला का झाली, याला मराठीत ‘खाजवून खरूज काढणे’ असे म्हणतात.

निमित्त पावसाळ्याचे झाले. अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडली, की आतल्या दमट हवेतल्या वाफेचे पाणी होते, ते डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी जाऊन बसते, पुढे पंपाला गंज चढवते आणि डिझेल व पाणी यांच्या सीमेवर सूक्ष्म जीवजंतू सुखाने संसार थाटतात, हे ज्ञान मला ऐन आषाढात प्राप्त झाले. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्याच दिवशी मी साडेचार हजार रुपये मोजून पाणी वेगळे करणारा, तळाला पारदर्शक वाटी व साचलेले पाणी सोडायची तोटी, म्हणजे ड्रेन कॉक, असलेला, तब्बल दोन मायक्रॉनचा फिल्टर, तो ज्यावर चढवतात त्या हेडसकट घरी आणला. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो आणि हा फिल्टर दोन मायक्रॉनचा कणही सोडत नाही, असे मी पत्नीला अभिमानाने सांगितले. तिने माझ्या डोक्याकडे एकदा शांतपणे पाहिले आणि म्हणाली, “अहो, पण आता केसांचा हिशेब तुम्हाला कशाला हवा?”

मिस्त्रींनी तर खोके उघडण्याआधीच मान हलवली. “साहेब, हा कॉमन रेलवाल्या गाड्यांचा माल आहे. तिथं सोळाशे ते दोन हजार बारचं प्रेशर असतं, बारीक कचरासुद्धा इंजेक्टर खातो. तुमचं नोझल दोनशेच्या आसपास उघडणारं. बाजरीच्या पिठाला मैद्याची चाळणी कशाला?” युक्तिवाद बिनतोड होता, परंतु दुकानाच्या पावतीवर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्यही तितकेच बिनतोड होते. शेवटी जुना फिल्टर पंपाच्या पुढे होता तिथेच ठेवून, नवा टाकी आणि टाकीतले डिझेल ओढणारा फीड पंप यांच्यामध्ये बसवायचा, असे ठरले. काम संपत आले तेव्हा मिस्त्रींनी बँजो बोल्टसाठी, म्हणजे डिझेलच्या नळ्या फिल्टरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टसाठी, तांब्याचे चार नवे वॉशर आणायला सांगितले. साडेचार हजारांचा फिल्टर घेणाऱ्या मला नेमकी त्याच क्षणी काटकसर आठवली. “हे जुनेच काय वाईट आहेत?” असे मी विचारले आणि मिस्त्रींनी, गिऱ्हाइकाशी किती वेळा वाद घालायचा याचा कोटा संपल्यासारखे, ते जुनेच लावले.

पुढच्या रविवारी साताऱ्याला निघालो. खंबाटकीच्या घाटात निम्म्यावर पोहोचताच गाडीचा दम गेला, तिने दोन आचके दिले आणि ती एका वळणावर थांबली. मागून आलेल्या ट्रकच्या चालकाने खाली न उतरताच निदान केले, “हवा धरलीय तिनं!” म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली होती आणि इंजिनाला डिझेल मिळेनासे झाले होते. मग ती हवा काढायला मी भर पावसात बॉनेटखाली वाकून हँडपंप मारत राहिलो, पत्नी माझ्या पाठीवर छत्री धरून उभी राहिली आणि घाट चढणारे प्रत्येक वाहन वेग कमी करून आमच्या संसाराचे दर्शन घेऊन पुढे गेले.

गाडी हवा घेते हे आता सगळ्यांना मान्य होते. ती कुठून घेते, हा प्रश्न होता. मी सगळे सांधे फडक्याने पुसून पाहिले, गाडीखाली वर्तमानपत्र अंथरून पाहिले; पण डिझेलचा थेंबही कुठे सापडेना. पंपाच्या पुढची नळी फुटली तर डिझेल बाहेर येते आणि चोर पकडला जातो. टाकीकडच्या नळीतून मात्र पंप डिझेल ओढून घेत असतो, त्यामुळे तिथल्या फटीतून बाहेर काही येतच नाही, उलट हवा आत जाते. त्यात माझी दोन मायक्रॉनची चाळणी इतकी बारीक, की पंपाला अधिकच जोर लावून ओढावे लागत होते आणि डिझेलपेक्षा हवाच त्याला स्वस्त पडत होती.

क्लिपा बदलल्या, होज बदलले, टाकीतल्या नळीवरही संशय घेऊन झाला. अखेर मिस्त्रींनी पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळीचा एक तुकडा जोडला. त्यातून बुडबुडे एकामागोमाग एक, वारीतल्या दिंडीसारखे शिस्तीत, पंपाकडे निघालेले दिसले. मिस्त्री मागे मागे सरकत त्यांचे मूळ शोधत गेले आणि बँजो बोल्टपाशी थांबले. त्यांनी ते चार वॉशर काढून माझ्या तळहातावर ठेवले. ते काहीच बोलले नाहीत, हे मला फार लागले.

चाळीस रुपयांचे नवे वॉशर बसले आणि दिंडी बंद झाली. त्याच हेडवर मिस्त्रींनी दहा मायक्रॉनचा फिल्टर चढवला. दोन मायक्रॉनचा माझ्या कपाटात आहे. महिना झाल्यावर मी मोठ्या उत्कंठेने ड्रेन कॉक सोडला, काचेच्या बाटलीत अर्धा लिटर काढले आणि पाण्याचा थर दिसावा म्हणून ती रात्रभर ओट्याखाली ठेवली. सकाळी बाटलीत तळापासून तोंडापर्यंत निव्वळ डिझेल होते. पाण्याचा मागमूस नव्हता. पत्नीने बाटली आधी ओट्याखालून हलवायला सांगितली, म्हणून ते डिझेल मी पुन्हा टाकीत ओतले, अर्थात, गाळून.