‘डेबियन बंद पडतंय, आजच काढून टाका’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

हा मेसेज माझ्या धाकट्या बहिणीच्या शाळेच्या ग्रुपवर आला. ती विज्ञान शिकवते आणि संगणक कक्षही तिच्याच गळ्यात आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शाळेतली जुनी मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत आणि नवी घ्यायला पैसे नाहीत, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी तिथे विंडोजच्या जागी डेबियन, म्हणजे लिनक्सवर चालणारी एक मोफत प्रणाली, टाकलं. मुलं आठवडाभरात रुळली. आता संस्थेचे एक पदाधिकारी म्हणतात, सगळं पुसून टाका. बहिणीने विचारलं, “दादा, यातलं खरं किती? शनिवारी मीटिंग आहे.”

मेसेजमध्ये पाच गोष्टी आहेत. डेबियन अनोळखी लोक बनवतात, त्यात कोणीही व्हायरस घुसवतो, आणि २०२४ मध्ये तसं होऊन ‘जगातले सगळे लिनक्स संगणक हॅक झाले’. त्याला मालक नाही, २०१९ मध्ये प्रमुख व्हायलाही कोणी तयार नव्हतं. काम करणारे सोडून चालले आहेत, लवकरच बंद पडणार. वायफाय आणि मराठी चालत नाही. आणि शेवटी, अँटीव्हायरस बंद करून खालच्या लिंकवरून ‘ॲक्टिव्हेटेड’ विंडोज उतरवून घ्या.

आधी त्या हॅकिंगचं बघू, कारण लोक घाबरलेत ते त्यालाच.

घडलं ते असं. फाइली आवळून लहान करणारी एक्सझेड नावाची छोटी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड, आहे. बहुतेक सगळ्या लिनक्समध्ये ती असते. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा, म्हणजे बाहेरच्याला गुपचूप आत शिरायची वाट, बसवलेला निघाला. हे उघड केलं आंद्रेस फ्रॉइंड यांनी, २९ मार्च २०२४ ला. ते पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करतात आणि नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये आहे. त्यांनी त्या दिवशी जाहीर केलेलं टिपण आजही कोणालाही वाचता येतं आणि माझ्या मते या विषयावर बोलण्याआधी तेवढं एक वाचलं तरी पुरे. डेटाबेसचा वेग मोजताना त्यांच्या लक्षात आलं की एसएसएचचं, म्हणजे दुरून दुसऱ्या संगणकात शिरायच्या साधनाचं, लॉगिन प्रोसेसर जास्त खातंय. आधी ०.२९९ सेकंद लागायचे, आता ०.८०७ लागत होते. अर्ध्या सेकंदाचा फरक. दुसऱ्या कोणी सोडून दिला असता. ते मुळाशी गेले. आधी त्यांना वाटलं की डेबियनचंच पॅकेज, म्हणजे प्रोग्रामचा तयार गठ्ठा, कोणी बिघडवलंय. निघालं असं की घाण मूळ एक्सझेडच्या प्रकाशित फाइलींमध्येच होती, चाचणीच्या फाइलींच्या आड लपवलेली.

ते ज्या मशीनवर हे मोजत होते, त्यावर डेबियनच होतं. ‘अनस्टेबल’ नावाची शाखा, म्हणजे जिथे नवं सामान सगळ्यात आधी उतरतं. तिथे काही दिवस टिकलं, गंभीर तक्रार आली नाही, तर पॅकेज ‘टेस्टिंग’मध्ये जातं. ‘स्टेबल’ दर दोनेक वर्षांनी निघते आणि शाळेत, बँकेत, सर्व्हरवर तीच वापरायची असते. चोरदरवाजावाल्या आवृत्त्या अनस्टेबल आणि टेस्टिंगपर्यंत पोचल्या होत्या. स्टेबलमध्ये तेव्हा ५.४.१ होती. डेबियनच्या सुरक्षा पथकाने त्याच दिवशी सूचना काढली: स्टेबलच्या कुठल्याही आवृत्तीला बाधा झाल्याचं आढळलेलं नाही. अनस्टेबल वापरणाऱ्यांना जुन्या आवृत्तीवर परत आणलं. क्रमांक मागे नेता येत नाही म्हणून त्या पॅकेजचं नाव ठेवलं ‘५.६.१+रियली५.४.५’. काय घडलं ते क्रमांकातच लिहून ठेवलं, कोणापासून काही झाकलं नाही.

म्हणजे ‘जगातले सगळे लिनक्स हॅक झाले’ हे धादांत खोटं आहे. तो चोरदरवाजा स्टेबलपर्यंत पोचण्याआधीच पकडला गेला. आणि एका तिऱ्हाईत माणसाला, दुसऱ्या कंपनीच्या नोकरदाराला, तो पकडता आला याचं कारण सगळा सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, त्याच्यासमोर उघडा होता.

‘कोणीही व्हायरस घुसवतो’ म्हणणाऱ्यांनी डेबियनमध्ये पॅकेज चढवण्याचा हक्क मिळवून दाखवावा. आधी दुसऱ्या डेव्हलपरने तुमची ओळख पटवून तुमच्या डिजिटल चावीवर सही करावी लागते. मग आधी केलेलं काम तपासलं जातं, कोणीतरी शिफारस करावी लागते. यात महिने जातात. असा पूर्ण हक्क असलेले लोक जगभरात सुमारे हजार आहेत.

आता त्यातलं अर्धं खरं, आणि ते मला मान्य करावंच लागेल. एक्सझेडमध्ये जो घुसला तो ‘जिया टॅन’ या टोपणनावाने, वर्षा-दोन वर्षांत विश्वास कमावून घुसला. मूळ सांभाळणारे लासे कॉलिन जवळपास एकटे होते. मानसिक आरोग्याच्या अडचणी आहेत आणि हे बिनपगारी छंदाचं काम आहे, असं त्यांनी २०२२ मध्ये जाहीर लिहिलं होतं. तेव्हाच काही खात्यांवरून त्यांच्यामागे तगादा लावला गेला: तुमच्याने होत नाही, दुसऱ्याला हक्क द्या. त्यांनी दिले. अशा एकेकट्या, थकलेल्या माणसांनी सांभाळलेल्या शेकडो लायब्रऱ्या डेबियनमध्ये आहेत. हा धोका खरा आहे आणि तो संपलेला नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे सांगायचं असतं तर मी त्याच्या बाजूने उभा राहिलो असतो.

आणि डेबियनची स्वतःची चूक हवी असेल तर तीही आहे. २००६ मध्ये ओपनएसएसएल या गुप्त डिजिटल चाव्या बनवणाऱ्या पॅकेजमध्ये केलेल्या एका बदलामुळे चाव्या तयार करताना लागणारी यादृच्छिकता, म्हणजे अंदाज बांधता न येणं, जवळपास नाहीशी झाली. इतकी की एका प्रकारच्या आणि लांबीच्या चाव्या जेमतेम ३२ हजारांच्या घरातच निघू शकत होत्या. मे २००८ पर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. शोधली ती डेबियनच्याच लुसियानो बेलो यांनी, आणि मग जगभरच्या प्रशासकांना चाव्या नव्याने करायला लागल्या. मोठी नामुष्की होती. ती लपवली गेली नाही, कारण १९९७ पासून डेबियनच्या सामाजिक करारात तिसरं कलमच तसं आहे: आम्ही अडचणी लपवणार नाही.

‘मालक नाही, प्रमुख व्हायला कोणी तयार नव्हतं.’ २०१९ मध्ये पहिल्या मुदतीत एकही अर्ज आला नाही, हे खरं. मुदत आठवडाभर वाढवली, उमेदवार उभे राहिले, सॅम हार्टमन निवडून आले. नंतर २०२० ते २०२४ जोनाथन कार्टर आणि २०२४ मध्ये आंद्रेयास टिले. दरवर्षी मतदान होतं, घटना लिहिलेली आहे, पैसा वेगळ्या ना-नफा संस्थेकडे असतो. मालक नाही म्हणूनच उद्या कोणी विकत घेऊन बंद करेल ही भीती नाही. १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केलेलं काम ते स्वतः बाजूला झाल्यावरही चालू राहिलं ते याच व्यवस्थेमुळे.

‘बंद पडणार.’ त्या २०१९ नंतर डेबियन ११ ऑगस्ट २०२१ मध्ये आलं, १२ जून २०२३ मध्ये, १३ ऑगस्ट २०२५ मध्ये. रास्पबेरी पायची प्रणाली, उबुंटू, आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस ही प्रणाली, सगळ्यांचा पाया डेबियन आहे. माणसं कमी पडतात हे मात्र आहेच. सांभाळणारा सोडून गेला की पॅकेज ‘अनाथ’ म्हणून नोंदवलं जातं, आणि ती यादी लांबलचक आहे. २०१४ मध्ये सिस्टमडीवरून, म्हणजे संगणक सुरू होताना बाकीचं सगळं चालू करणाऱ्या प्रोग्रामवरून, इतकं भांडण झालं की तांत्रिक समितीत मतं समसमान पडली, अध्यक्षांच्या निर्णायक मतावर निकाल लागला, काही जुने जाणते बाहेर पडले आणि एक गट डेव्हुआन नावाची वेगळी चूल मांडून बसला. डेबियन १३ मध्ये ३२-बिट संगणकांसाठीचा इन्स्टॉलर नाही. शाळेत तशी मशीन असतील तर १२ वर राहा, त्याला जून २०२८ पर्यंत सुरक्षा सुधारणा मिळणार आहेत.

वायफायबद्दल सांगायचं तर तक्रार जुनी आहे आणि तेव्हा रास्त होती. वायफाय कार्डाचं बंदिस्त फर्मवेअर, म्हणजे कार्ड चालवणारा कंपनीचा कोड, अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवायचं नाही, असा डेबियनचा हट्ट होता. २०२२ मध्ये मतदान घेऊन तो सोडला आणि १२ पासून ते सोबतच येतं. मराठी युनिकोड, इनस्क्रिप्ट कीबोर्ड, सगळं चालतं. इन्स्टॉलरसुद्धा मराठीत आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांतल्या फाइली असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर कार्यालयात एक विंडोज मशीन ठेवा. एवढंच.

आता ती लिंक. बाकीचा मेसेज अज्ञानातून लिहिला असेल असं समजून मी गप्प बसलो असतो, पण ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ हे अज्ञानातून लिहिलं जात नाही. फुकट ‘ॲक्टिव्हेटेड’ विंडोज देणाऱ्या साधनांतून चोरटे प्रोग्राम वाटणं हा जुना धंदा आहे. २०२१ मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने दाखवलं होतं की केएमएसपिको नावाच्या अशाच साधनाच्या इन्स्टॉलरसोबत क्रिप्टबॉट येत होता. तो ब्राउझरमधले पासवर्ड आणि आभासी चलनाची पाकिटं चोरतो. आणि शाळेच्या मशीनवर काय असतं? शालार्थचं लॉगिन, म्हणजे शिक्षकांचे पगार. यू-डायसची, म्हणजे शाळेच्या सरकारी नोंदीची, माहिती. शिष्यवृत्तीचे फॉर्म, मुलांचे आधार क्रमांक, पालकांची बँक खाती. ‘डेबियन असुरक्षित आहे’ म्हणून हे सगळं लिंकवरच्या एका निनावी फाइलीच्या हवाली करायचं? ज्यांनी हा मेसेज शिक्षकांच्या ग्रुपवर पुढे ढकलला त्यांनी तो आत्ता काढावा आणि तिथेच लिहावं की लिंक उघडू नका.

विंडोजच हवं असेल तर रीतसर परवाना घ्या, माझी काही हरकत नाही. डेबियन ठेवायचं असेल तर स्टेबल ठेवा, अपडेट चालू ठेवा, आणि इमेज, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, डेबियनच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या.

कुणी ती फाइल आधीच चालवली असेल तर त्या मशीनची नेटची वायर आत्ता काढा आणि वायफाय बंद करा. त्या मशीनवर कधीही टाइप केलेले सगळे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, सुरुवात ईमेल आणि शालार्थपासून. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर लगेच १९३० ला फोन लावा, सोमवारची वाट पाहू नका. मग डेटा बाजूला काढून ती डिस्क पूर्ण पुसून घ्या.