ताणलेलं नाही, उलट सौम्यच दाखवलंय

‘बळीच्या घरच्यांवरच पोलिसांचा संशय, हे नाट्यासाठी ताणलंय’ हे एका जर्मन थ्रिलरवरच्या लेखातलं म्हणणं पटलं नाही. प्रत्यक्षात जर्मनीत एनएसयू (नॅशनल सोशालिस्ट अंडरग्राउंड) या निओ-नाझी टोळीने २००० ते २००७ या काळात दहा जणांना मारलं, त्यांतले आठ तुर्की वंशाचे. पहिला बळी न्यूरेंबर्गमध्ये गोळ्या घातलेला फुलविक्रेता. त्याच्या बायकोला पोलिसांनी एका बाईचा फोटो दाखवून ‘ही त्याची दुसरी बाई’ असं चक्क खोटं सांगितलं! वर्तमानपत्रं या हत्यांना ‘डोनर खून’ (डोनर म्हणजे तुर्की कबाब) म्हणत राहिली. खरे मारेकरी कळले थेट २०११ साली.

लेखात एक गोष्ट राहिली. जर्मनीत मृताच्या नातेवाइकांना सहफिर्यादी होता येतं, त्यांचा वकील साक्षीदाराला थेट प्रश्न विचारतो. एनएसयूवरच्या म्युनिकच्या खटल्यात (२०१३-१८) पोलिसांच्या पूर्वग्रहाचा मुद्दा याच वकिलांनी लावून धरला. मी वकील आहे; इथे भारतात सत्र न्यायालयात फिर्यादीतर्फे असतो तेव्हा प्रश्न चिठ्ठीवर लिहून सरकारी वकिलांकडे सरकवतो. त्यांनी विचारला तर विचारला. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच मर्यादा कायम ठेवली. त्यामुळे त्या थ्रिलरमध्ये नायिकेचा वकील उठून स्वतः प्रश्न विचारतो, ते प्रसंग मी तरी सरळसरळ हेव्याने पाहिले.