‘मेलेलं रक्त’ म्हणे!

व्हॉट्सॅपवर एक मजकूर फिरतोय: जंतू मारायला अतिनील किरणांखाली धरलेलं रक्त ‘मेलेलं’ असतं. किरणांनी पेशींचा डीएनए जळतो, पिशवीत रक्त नासतं आणि शरीर ते नाकारतं.

डीएनएचं आधी उरकून घेऊ. पक्व तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं, मग जळणार काय? किरणांआधी रक्तात मिसळलेलं रायबोफ्लेविन (तोंड आलं की घेतो त्या गोळीतलं बी-2 जीवनसत्त्व) जंतूंच्या डीएनए-आरएनएला चिकटतं, किरण पडले की त्या डीएनए-आरएनएची मोडतोड होते आणि जंतूंची वाढ थांबते. दात्याच्या पांढऱ्या पेशीही निष्प्रभ होतात, हा फायदाच.

‘नासतं’ यात मात्र थोडं तथ्य आहे, ते झाकायचं कशाला? याच क्रियेत तयार होणारे ऑक्सिजनचे तिखट रेणू पेशीच्या आवरणालाही लागतात. साठवणीत पोटॅशियम जास्त झिरपतं, पेशी जास्त फुटतात. म्हणूनच अशा पिशवीची मुदत 21 दिवस. साध्या सीपीडीए-1 (रक्त गोठू न देता टिकवणारं द्रावण) पिशवीची 35. पण दूध नासावं तसं रक्त एकदम नासत नाही, दिवसागणिक उतरत जातं, आणि साधी पिशवीही उतरतेच. कसोटी ठरलेली आहे: मुदतीअखेरच्या पेशी दिल्यावर 24 तासांनी सरासरी किमान 75 टक्के शरीरात टिकायला हव्यात. फुटलेल्या पेशींचं प्रमाण युरोपात 0.8, अमेरिकेत 1 टक्क्याच्या आत हवं.

‘शरीर नाकारतं’ हे आलं जंतू मारायच्या वेगळ्याच रसायनावरून, एस-303 वरून. ते वापरलेल्या पेशींविरुद्ध काही रुग्णांत प्रतिपिंडं सापडली आणि 2003 मध्ये चाचण्या थांबल्या. पुढे ग्लुटाथायोन (पेशींना त्या रसायनापासून जपणारं द्रव्य) वाढवून कृती बदलली. नव्या कृतीची हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवर चाचणी झाली: मूत्रपिंडाला इजा 29.3 टक्के रुग्णांत, साध्या रक्ताने 28, म्हणजे जवळपास सारखीच. पाच जणांत सौम्य प्रतिपिंडं दिसली, पण पेशी फुटल्या नाहीत. वीस वर्षांपूर्वीची अर्धी गोष्ट सांगायची आणि उरलेली गिळायची, ही या मजकुराची खरी लबाडी.

त्या मजकुरात घानातल्या कुमासी शहरातली चाचणीही नाही. तिथे मलेरियाचे जंतू असलेलं साधं रक्त मिळालेल्या 37 पैकी 8 रुग्णांना रक्तातून मलेरिया झाला. रायबोफ्लेविनची प्रक्रिया केलेलं मिळालेल्या 28 पैकी एकालाच. त्या एकामुळे ‘शंभर टक्के सुरक्षित’ म्हणणाऱ्या उत्साही मंडळींनीही जरा थांबावं. हिपॅटायटिस ए, पार्व्हो बी-19 असे चिवट विषाणू अशा प्रक्रियांना पुरते बधत नाहीत, आणि रक्तपेढीतल्या तपासण्या कोणी बंद केलेल्या नाहीत.